शिक्केवाल्याची नवी नोकरी

१

पत्र खोटं होतं हे मला कळलं, तेव्हा ते अडीच महिने माझ्याच फाईलमध्ये पडून होतं. कोपऱ्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'पाहिलं, बरोबर आहे', आणि खाली माझीच सही.

भाड्याची घरं सांभाळणाऱ्या एका छोट्या कचेरीत मी काम करते. करार आम्ही करतो, किल्ल्या आम्ही देतो-घेतो. भाडेकरू घर सोडून गेला की त्या रिकाम्या घरात मी जाते आणि यादी करते. भिंतीला भोकं किती, नळ कुठला गळतो, फरशी कुठे तडकली. अठरा वर्षं हेच चाललंय. कचेरीत मला कुणी नावाने हाकच मारत नाही. यादीवाली म्हणतात.

त्या दिवशी सकाळी एक मुलगी आली. सव्वीस-सत्तावीसची असेल. खांद्याला मोठी पिशवी, डोळे जागरणाने सुजलेले. तिने शिक्केवाल्यांची फाईल मागितली.

शिक्केवाले मला चांगले आठवत होते. रबरी शिक्के कोरणारे कारागीर, बावीस वर्षं एकाच घरात. दर तीन वर्षांनी करार नवा व्हायचा. आताच्या कराराचे चौदा महिने बाकी असताना त्यांनी घर सोडलं. तशी सोय करारातच होती. नोकरीसाठी दुसऱ्या गावी जायचं असेल, तर नव्या मालकाचं पत्र दाखवायचं आणि महिनाभर आधी सांगायचं. त्यांनी पत्र आणलं. लांबच्या शहरातला एक मोठा छापखाना, साचे कोरायचं काम, खाली गोल जांभळा शिक्का. मी सही केली आणि विषय मिटला.

"मी त्यांची मुलगी," ती म्हणाली. "परवा मी त्या छापखान्यात गेले होते. न सांगता जाऊन त्यांना चकित करायचं होतं. ताई, तिथे असा माणूस कधी आलेलाच नाही."

"मग ते आहेत कुठे?"

"तेच विचारायला आलेय. कारण दर रविवारी ते मला त्या छापखान्यातल्या गमती सांगायला फोन करतात."

२

मी तिला बसवलं, पाणी दिलं. तिने सगळं सांगितलं.

हवामान खात्यात तिची निवड झाली होती. दीड वर्ष प्रशिक्षण दुसरीकडे, वसतिगृहात राहून. आता भर समुद्रातल्या एका बेटावरच्या केंद्रात दोन वर्षांची नेमणूक. बोट चार दिवसांनी सुटणार होती. वर्षातून एकदाच सुटते. चुकली की जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला.

"याआधी एकदा अशीच संधी आली होती," ती म्हणाली. "तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली. मी थांबले. चार वर्षं. आई गेली आणि ती संधीही गेली. या वेळी बाबाच मागे लागले, जा म्हणून. मी म्हटलं, तुम्ही एकटे कसे राहाल? तर दुसऱ्याच आठवड्यात त्यांची ही नोकरी निघाली. म्हणाले, बघ, मीच चाललोय, आता कुणासाठी थांबणार?"

"पोलिसांत गेलात?"

"गेले. ते म्हणाले, माणूस दर रविवारी फोन करतोय, तर हरवलाय कुठे?"

"तुम्ही त्यांनाच का नाही विचारलं?"

"विचारलं आणि त्यांनी फोन करायचंच बंद केलं तर?"

मी पत्र तिच्यापुढे सरकवलं. तिने ते खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं आणि एकदम माझ्याकडे वळली.

"हा शिक्का वाचलात तुम्ही?"

शिक्का कोण वाचतं? तो आहे की नाही एवढंच आपण बघतो. आता वाचला. 'मुद्रणालय'मधला ल उलटा उमटला होता. उजवीकडची दांडी डावीकडे.

"शिक्का उलटा कोरावा लागतो, म्हणजे कागदावर सुलटा उमटतो," ती म्हणाली. "इथे एक अक्षर कुणीतरी सुलटंच कोरलंय. नवशिक्याची चूक आहे ही. बाबा तीस वर्षं कोरतायत, झोपेतसुद्धा असं करणार नाहीत. ताई, हे पत्र बाबांनी बनवलेलं नाही. दुसऱ्या कुणीतरी बनवून त्यांच्या हातात ठेवलं."

आणि त्या दुसऱ्या कुणालातरी शिक्केवाले त्या घरात नको होते.

३

घर रिकामं होऊन फायदा एकाच व्यक्तीचा झाला होता. घरमालकीण तळमजल्यावर राहायची आणि वरच्या घरात आठवड्याच्या आत तिची भाची राहायला आली होती. मी मुलीला कचेरीतच थांबवलं आणि एकटीच गेले.

"मी काढेन त्यांना?" म्हातारी उसळलीच. "बावीस वर्षांत भांड्याचा आवाज आला नाही वरून. भाचीचं काय, ती बापडी कुठेही राहिली असती. पण खरं सांगू का? शेवटी शेवटी फार बदलले होते. शिष्ट झाले होते."

"म्हणजे?"

"जिन्यात समोरासमोर आले तरी ओळख नाही. मी हसायची, मान हलवायची, तर सरळ पुढे. आणि मी बोलले की मग कसं, 'काय काकू, गुडघा काय म्हणतोय?' अगदी गोड. हे कसलं वागणं? बोललं तर माणूस, नाही तर भिंत!"

"आणखी काही?"

"दिवे! भर दुपारी घरात दिवे. आणि मला न विचारता जिन्याची खालची पायरी पांढऱ्या रंगाने रंगवून ठेवली. विचारलं तर म्हणे, छान दिसते. माझा जिना, आणि छान यांना दिसतो." मग ती माझ्याकडे झुकली. "मला वाटतं, बाई असणार कुणीतरी. या वयात माणूस असा तंद्रीत उगाच नाही चालत."

खोटं बोलणाऱ्या माणसाला एवढं सांगायचं नसतं. म्हातारीला घर मिळालं होतं, पण ते तिने मिळवलं नव्हतं. उठताना तिने टेम्पोवाल्याचा पत्ता दिला. सामान त्याने नेलं होतं.

"पण तो सांगेल त्यावर विश्वास ठेवू नका," ती म्हणाली. "त्या दिवशी यांना दारू पाजून नेलं त्याने. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी."

४

"दारू?" टेम्पोवाला हसला, पण तेवढ्यापुरतंच. "मॅडम, सकाळचे आठ वाजले होते."

तो गाडीचं चाक बदलत होता. हात न थांबवता बोलत राहिला.

"मलाही तसंच वाटलं होतं म्हणा. माझ्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरले. सोडेचनात. फाटकापाशी सायकल उभी होती, एवढी धडधडीत, तिच्यावर जाऊन आदळले. पण तोंडाला वास नाही, बोलणं शुद्ध. मी म्हटलं, घर सुटतंय, माणूस हललाय. होतं असं. रोज बघतो मी."

"सामान कुठे नेलंत?"

"सामान होतंच कुठे? पलंग, कपाट, सगळं आधीच देऊन टाकलेलं. एक ट्रंक आणि वळकटी. रेल्वे स्टेशनवर सोडा म्हणाले, सोडलं."

"गाडीत बसताना पाहिलंत?"

तो पाना हातात धरून थांबला.

"नाही. मी वळून परत निघालो, तेव्हा ते तिथेच होते. ट्रंकेवर बसून. स्टेशनकडे पाठ करून."

५

शिक्केवाले जिथे काम करायचे ते दुकान तिथून फार लांब नव्हतं. पुढे गल्ला, मागे कामाची खोली, मध्ये बंद दार. दुकानमालक त्यांच्याच वयाचा, बुटका, कपाळावर घामाचे थेंब. भिंतीवरची मांडणी अर्धी रिकामी होती.

मी कचेरीचं नाव सांगितलं आणि तो एकदम मोठ्याने बोलायला लागला. इतक्या मोठ्याने, की मला वाटलं हा मला बहिरी समजतोय.

"घराच्या कचेरीतून आलात? शिक्केवाल्यांची चौकशी करायला? ते तर कधीच गेले! चांगली नोकरी लागली!"

"तुमच्याकडची नोकरी त्यांनी स्वतः सोडली?"

"स्वतः!"

"काम कसं होतं शेवटी?"

इथे त्याचा आवाज खाली आला. "काम काय... माणूस थकतो. एका दवाखान्याचे शिक्के बिघडले. मग आणखी एकाचे. मी काही बोललो नाही हो त्यांना. तेच म्हणाले, आता बस."

मी ते पत्र त्याच्यापुढे धरलं. "हा शिक्का तुमच्या दुकानातला?"

त्याने पत्र हातात घेतलंच नाही. ल पाहिला आणि डोळे मिटून घेतले.

"मला माहीत नाही," पुन्हा मोठा आवाज. "मला काही माहीत नाही! तुम्ही जा बाई. त्यांच्या मुलीलाही सांगा, बोट पकड म्हणावं!"

मी बाहेर पडले. रस्ता ओलांडून पलीकडे गेले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलीचं नाव मी काढलंच नव्हतं. बोटीचं तर नाहीच नाही.

६

कचेरीत मुलगी वाट बघत होती. दिवसभरात ऐकलेलं तिला सांगून मी माझी जुनी वही काढली. त्या घराची यादी, माझ्याच हातची.

"ऐका," मी म्हटलं. "बोळकांडीच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला लांब काळपट पट्टा. झीज म्हणून मी सोडून दिला होता. सगळे दिवे सगळ्यात प्रखर. ओट्याखालच्या खणांच्या मुठींना दोरे बांधलेले, एकाला एक गाठ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. न्हाणीघरातल्या आरशावर महिन्यांची धूळ."

तिला काही कळत नव्हतं. मला लिहितानाच कळायला हवं होतं.

"किल्ल्या द्यायला ते इथे आले, तेव्हा मी हात पुढे केला होता. त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मलाही राग आला, शिष्ट वाटले. सही कुठे करायची ते मी बोटाने दाखवलं, तर त्यांनी छापलेल्या ओळीवरूनच सही केली. काकूंनी मान हलवली की त्यांना ओळखू येत नसे, बोलल्या की लगेच येत असे. पायरी पांढरी. टेम्पोवाल्याचा खांदा. समोरची सायकल."

तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"शिक्का त्यांनीच कोरला," मी म्हटलं. "तीस वर्षं उलटं कोरणारा हात नजरेच्या धाकात उलटा चालतो. नजर गेली की हात लिहायच्या सवयीवर येतो. एक अक्षर लिहिल्यासारखं कोरलं गेलं आणि नंतर ते तपासायला डोळेच नव्हते."

"नाही," ती म्हणाली. "ते मला सगळं वर्णन करून सांगतात. नव्या गावाचं."

"काय सांगतात?"

"म्हणजे... कामावर जाताना आधी पावाच्या भट्टीचा वास येतो. मग लोखंडी पूल, पायाखाली घुमतो. पुलाच्या पुढे कुणीतरी दिवसभर पत्रा ठोकत असतं. तिथून डावीकडे वळलं की वारा अंगावर येतो. घरापासून बरोबर बाराशे पावलं."

"पुलाचा रंग कोणता?"

ती आठवायला लागली.

"नदीचं पाणी? छापखान्याची इमारत?"

"बाबांना रंगांचं वेड होतं," ती हळूच म्हणाली. "शाईतल्या जांभळ्याचे सात प्रकार सांगायचे. कुठेही गेले की आधी रंग." आणि मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"ज्याचे डोळे जाताहेत असा माणूस नव्या शहरात जाऊन काय करेल?" मी म्हटलं. "जिथले रस्ते पायांना पाठ आहेत, तिथेच राहील. ते हे गाव सोडून गेलेलेच नाहीत."

७

आम्ही त्यांच्या जुन्या घराच्या फाटकापासून निघालो. मला दुकानाची वाट माहीत होती, दुपारीच जाऊन आले होते. पण तिला डोळे मिटून जायचं होतं. माझ्या कोपराला धरून ती चालू लागली, ओठांतल्या ओठांत पावलं मोजत.

दोनशेच्या आसपास भट्टीचा वास आला. तिची बोटं माझ्या हातात रुतली. मग पूल लागला आणि खरंच पायाखाली घुमला.

"बावीस वर्षं या पुलावरून गेलेय मी," ती म्हणाली. "हा वाजतो हे मला माहीतच नव्हतं."

पत्र्याचे घाव ऐकू आले. डावीकडे वळलो तशी वाऱ्याची झुळूक अंगावर आली. तिची पावलं बापापेक्षा आखूड असावीत, कारण ती साडेबाराशे म्हणाली तेव्हा कुठे आम्ही दुकानापुढे उभे होतो.

मालक शटर अर्धं ओढून आतच उभा होता. तिला पाहिलं आणि त्याचे हात खाली आले.

"काका," ती म्हणाली.

"पोरी, चारच दिवस होते गं," तो म्हणाला. या वेळी आवाज अजिबात मोठा नव्हता. तो बाजूला झाला. मधलं दार मी ढकललं.

८

मागच्या खोलीत खिडकी नव्हती. एक वळकटी, एक ट्रंक, लांब बाक. बाकावर शिक्केवाले बसले होते आणि रबराच्या पट्ट्या बोटांनी चाचपून जाडीप्रमाणे वेगळ्या करत होते. सदऱ्याची गुंडी एक घर चुकलेली. डाव्या तळव्याला फडकं गुंडाळलेलं.

तिने अजून तोंडातून शब्द काढला नव्हता. त्यांचे हात थांबले.

"चप्पल अजून फरफटतेस," ते म्हणाले.

ती जमिनीवर बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, "बोट कधी आहे?"

"बाबा, डॉक्टरांना दाखवलंत?"

"तिघांना. मधोमध डाग आहे, तो पसरत जातो. कडेकडेचं जरा दिसतं, तेही जाईल. औषध नाही. शुक्रवारी ना गं बोट?"

"हाताला काय झालं?"

"रबर तापवायचं यंत्र लागलं. किरकोळ आहे."

"किरकोळ नाही," दारातून मालक म्हणाला. "आणि आणखी एक सांगतो, आता लपवण्यात अर्थ नाही. दोन महिन्यांत दुकान बंद होतंय माझं. जागा सोडावी लागणार. तोवर सांभाळेन म्हणालो होतो. पुढचं मला ठाऊक नाही."

तिने वर पाहिलं. "बाबा, पुढे काय करणार होतात?"

"बोट सुटेपर्यंत निभवायचं होतं," शिक्केवाले म्हणाले. "ती सुटली की तुला परत फिरता आलं नसतं. पुढचा विचार केला नव्हता."

मी दाराशी तशीच उभी. काय सुचलं कुणास ठाऊक, मी म्हणाले, "माफ करा, मला वाटलं..."

त्यांनी मान वळवली. माझ्याकडे नाही, जरा बाजूला.

"तुम्ही यादीवाल्या ना? आवाज ओळखला." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. "हुशार आहात. चार दिवस उशिरा हुशार झाला असतात, तर काय बिघडलं असतं?"

मी अठरा वर्षं रिकामी घरं पाहिली आहेत. उत्तर द्यायची वेळ कधी आली नव्हती, कारण तिथे कुणी नसतं.

मुलीने पिशवीतून फोन काढला. तिला काय करायचंय ते त्यांना आधी कळलं. त्यांनी तिचं मनगट पकडायला हात पुढे केला. तो भलत्याच ठिकाणी गेला, हवेत.

"नको," ते म्हणाले. "ऐक माझं. एकदा आईपायी घालवलंस. मी कुठेतरी राहीन. अशा लोकांसाठी संस्था असतात. काका बघतील. तू जा. मी हे सगळं कशासाठी केलं मग?"

"संस्थांचं विचारलंय मी," मालक पुटपुटला. "वर्षभराची रांग आहे."

"तू गप्प बस रे!" शिक्केवाले ओरडले. सबंध वेळात तेवढंच एकदा.

तिने नंबर लावला. पलीकडून कुणीतरी बोललं. तिने आपलं नाव सांगितलं, नेमणुकीचा क्रमांक सांगितला, घरची अडचण आहे, येता येणार नाही, असं म्हणाली. एकदा "हो" म्हणाली. पुन्हा एकदा "हो, नक्की." मग "बरं." आणि फोन बंद केला.

रबराची एक पट्टी बाकावरून खाली पडली होती. शिक्केवाल्यांनी ती शोधली नाही.

"काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. पुढच्या उमेदवाराला कळवतो म्हणाले."

"समजावलं नाही? दोन दिवस विचार करा, असं काही?"

"नाही, बाबा."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी मान हलवली. मग बराच वेळ हलवतच राहिले.